वीस फेऱ्या

गाडी रोज एकाच जागी थांबायची. दारापासून निघाली की भिंतीच्या कडेने चांगली पळायची, पहिल्या वळणावर जरा मंदावायची आणि पलीकडच्या टोकाला ज्वारीच्या कणगीसमोर पोचली की दम लागल्यासारखी उभी राहायची. मग माझा थोरला भाऊ गुडघ्यांवर रांगत तिथवर जायचा आणि इंजिनाला एका बोटाने पुढे ढकलायचा. हातभर ढकललं की ते कुरकुरत पुन्हा चालू लागायचं. दिवसभर हेच. आम्ही घरातले दारात उभे राहून बघायचो आणि आपापल्या कामाला लागायचो, कारण दुसरं काय करावं हे कुणालाच सुचत नव्हतं.

तो त्र्याहत्तर सालचा, दुष्काळातला उन्हाळा होता. बेलापूरच्या शिवारात आमचा मळा, मळ्यातच घर. घरात आई, आबा, मी आणि दादा. दादा एकवीस वर्षांचा, पुण्याला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मी अठराची, श्रीरामपूरच्या कॉलेजात इंटर सायन्सला, रोज सायकलवर जाऊन-येऊन. आमच्या भावकीत इंजिनियरिंगला गेलेला दादा पहिलाच. त्याच्या गणिताच्या वह्या मी देवासारख्या जपून वापरायची.

दिवाळीला तो आला तो पेटी, गादी, पुस्तकं सगळं घेऊनच आला. आबांनी विचारलं, "सुट्टी लांबली का?" तर म्हणाला, "हो." महिनाभर तो कुणाशी बोलला नाही. मग एक दिवस मला विहिरीवर एकटीला गाठून त्याने सांगितलं की होस्टेलमधल्या मुलांनी त्याच्या खाटेला तारा जोडल्या होत्या आणि ते रोज त्याच्यातला करंट काढून घ्यायचे. मी हसले. मला वाटलं थट्टा करतोय. तो हसला नाही.

ती गाडी त्याच्या शाळेच्या दिवसांतली. श्रीरामपूरच्या मिशनमधले एक गोरे पाद्री मायदेशी परत जाताना दादाला देऊन गेले होते. दादाने त्यांचा रेडिओ दोनदा दुरुस्त केला होता. इंजिन मुठीत मावेल एवढं, दोन डबे, बोटभर रुंदीचे रूळ आणि घरातली वीज बारा व्होल्टवर उतरवणारा एक काळा डबा. पुढे पुण्याच्या जुन्या बाजारातून त्याने तसलेच आणखी रूळ शोधून आणले होते. त्या हिवाळ्यात त्याने मागच्या लांबट खोलीतलं धान्य एका बाजूला सारलं, विटांवर फळ्या मांडल्या आणि खोलीभर रूळ पसरले. वीत-वीतभर लांबीचे चोपन्न तुकडे, एकात एक अडकवलेले. तो त्या वर्तुळाच्या मध्ये बसायचा.

आम्हाला आधी बरं वाटलं. पोराचं मन कशात तरी रमतंय. मग गाडी कणगीपाशी थांबायला लागली, आणि दादाला त्याचा अर्थ सापडला. ते लोक इथवर आले आहेत. रुळातला करंट वाटेतच ओढला जातोय, म्हणून इंजिनाला पोचत नाही. आणि गाडी थांबलेली असताना गिळलेला घास अंगाला लागत नाही, तोही तेच ओढून घेतात.

तिथून त्याचं जेवण सुटलं. आई ताट घेऊन बसायची. तो एका घासापुरतं तोंड उघडायचा, गाडी थांबली की घास ताटात काढून ठेवायचा. चहा तेवढा घ्यायचा. आईने नेवाशाच्या बाजूच्या एका देवऋष्याकडून मंतरलेला दोरा आणला. लाल दोऱ्याचं एक अख्खं रीळच होतं ते. दंडाला बांधलेला दोरा दादाने दातांनी तोडला. दीड महिन्यात त्याच्या गळ्याची हाडं वर आली. आईही जेवेनाशी झाली.

आबांनी श्रीरामपूरहून डॉक्टर आणले. डॉक्टर दादाशी अर्धा तास बोलले, बाहेर आले आणि हात धुताना म्हणाले, "याला पुण्याला न्या. मनाच्या आजारांचं इस्पितळ आहे तिथे. दोन-तीन आठवड्यांत न्या. नंतर न्यायला काही राहणार नाही."

दादा पुण्याचं नाव काढू देत नव्हता. शेवटी चुलत्यांनी कुणाची तरी जीप आणली, बरोबर तीन गडी आणि एक दावं. माझा त्याला विरोध नव्हता, हे मला आज सांगायला हवं. दावं पाहूनही मी गप्पच बसले. त्यांनी दादाला खोलीतून उचललं. दारापर्यंत तो मुकाट आला आणि तिथे चुलत्यांच्या मनगटाला चावून निसटला. सगळे मागे धावले. तो विहिरीच्या काठावर जाऊन उभा राहिला, मोटेच्या जुन्या दगडावर. विहिरीत तेव्हा पाणी कमी आणि खडक जास्त होता.

"पुढं येऊ नका कुनी," आबा ओरडले. आमच्या लोकांनाच. मग त्यांनी दादाकडे बघून हात जोडले. "लेकरा, खाली ये. कुनी न्हाई नेत तुला."

दादाने ऐकलं नाही. तो खाली बघत होता. माझे पाय आपोआप पुढे गेले. मी दहा पावलांवर थांबले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. डोक्यात फक्त ती कणगीपाशी थांबणारी गाडी होती.

"दादा, गाडी न थांबता पुरी फेरी मारायला लागली तर?"

"नाही मारणार."

"मारली तर? म्हणजे करंट कुणी ओढत नाही, असंच ना?"

त्याने विहिरीतून नजर वर काढली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "एक फेरी काहीच नाही. वीस व्हायला पाहिजेत. बोट न लावता."

"वीस झाल्या तर पुण्याला येशील? डॉक्टरांकडे?"

"झाल्या तर येईन."

तो खाली उतरला. त्याला घरात नेल्यावर आबा मला म्हणाले, "तुला जमंल का त्ये?" मी हो म्हणाले. मला काही जमत नव्हतं. पुस्तकातलं ओहमचं गणित सोडवणं एवढंच मला येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजात गेले. परीक्षा संपल्या होत्या, पण प्रयोगशाळेचे शिपाई ओळखीचे होते. मी त्यांना खरं ते सांगितलं. त्यांनी एक व्होल्टमीटर कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "उन्हाळा संपायच्या आत आणून द्या, ताई."

मीटरने रोग लगेच दाखवला. काळ्या डब्यापाशी बारा व्होल्ट. पहिल्या वळणावर नऊ. कणगीसमोर, इंजिन उभं असताना, पाचही नाही. करंट कुणी ओढत नव्हतं. दोन तुकडे जिथे एकात एक अडकतात त्या प्रत्येक सांध्यावर गंज आणि धूळ होती आणि प्रत्येक सांधा थोडी-थोडी वीज खात होता. चोपन्न सांध्यांनी मिळून गाडीचा जीव काढला होता. मी दादाला आकडे दाखवले. त्याने मीटर उलटा करून पाहिला. "हा त्यांचाच असेल," म्हणाला.

सांधे घासून पाहिले. दोन दिवसांत पुन्हा तेच. मग मला आमच्या विजेच्या लाइनीची आठवण झाली. सबस्टेशनपासून गावागावाला वेगळी लाइन जाते, तिला सगळे शेतकरी फीडर म्हणतात. एकाच्या मळ्यातून दुसऱ्याच्या मळ्यात वीज झिरपत येत नाही. खांबावरच्या जाड तारेतून प्रत्येकाला स्वतंत्र जोडणी असते. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तशी स्वतःची तार दिली, तर सांधा असला काय आणि नसला काय. फळ्यांखालून दोन जाड तारा खोलीभर फिरवायच्या, एक डाव्या रुळाची, एक उजव्या रुळाची. आणि त्यांच्यापासून प्रत्येक तुकड्याला वर दोन बारीक तारा. चोपन्नला दोन-दोन, म्हणजे एकशे आठ.

हे मी दादाला कागदावर काढून दाखवलं. तो कागद बघता बघता त्याचा चेहरा बदलला. त्याने पेन्सिल घेतली आणि माझी एक चूक सुधारली. "तार रुळाच्या बाहेरच्या अंगाला लाव, तायडे," तो म्हणाला. "आतून लावलीस तर चाक अडखळेल." कित्येक महिन्यांनी त्याने मला तायडे म्हटलं होतं.

श्रीरामपुरात पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारे एक कारागीर होते. त्या वर्षी विहिरी कोरड्या, मोटारी कोरड्या फिरून जळायच्या, आणि त्यांच्या दुकानात जळक्या वाइंडिंगचे ढीग पडले होते. त्यांनी त्यातली चांगली तार निवडून दिली आणि डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, तांब्याच्या टोकाची सळई, कथलाची तार आणि राळेचा खडाही दिला. डाग कसा द्यायचा ते दुकानात उभं करून शिकवलं. "आधी धातू तापू द्या, मग कथील. घाई केली की वरनं चिकटतं, आतनं सुटतं."

स्टोव्हवर सळई तापवायची. ब्लेडने तारेवरचं वॉर्निश खरवडायचं, रुळाची कड चमकेपर्यंत घासायची. दोन्ही बाजूंना ओल्या चिंधीचे तुकडे ठेवायचे, नाहीतर रुळाखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या वितळायच्या. चिंध्या भिजवायला एक वाटी पाणी लागायचं. आई ती वाटी मोजून द्यायची आणि उरलेलं परत मागायची. मी कुशीवर पडून फळ्यांखाली हात घालायची, दादा वरून तार ओढून घ्यायचा. त्याचे हात काडीसारखे झाले होते, पण डाग मात्र माझ्यापेक्षा नीट पडायचा. पहिल्या दोन दिवसांत आम्ही पंचवीस तारा जोडल्या. तो मधूनच गंमत करायचा. मला वाटायला लागलं की पुण्याला न्यायची वेळच येणार नाही.

सगळ्या तारा एकाच तपकिरी रंगाच्या. डाव्या रुळाची कुठली आणि उजव्याची कुठली हे फळीखाली कळेना. एक जरी चुकीच्या मुख्य तारेला लागली असती तर सगळंच बंद पडलं असतं. म्हणून मी डाव्या तारांना खुणेसाठी लाल दोरा बांधत गेले. घरात हाताला लागलं ते रीळ घेतलं. ते देवऋष्याचं रीळ होतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी कथील आणायला श्रीरामपूरला गेले. परत आले तर दादा वर्तुळाच्या मध्ये बसलेला, आणि भोवती तोडलेल्या तारा. सगळ्या. लाल दोऱ्याच्या तर त्याने मुळासकट उपटल्या होत्या, चार रुळांची कड वाकली होती. आई दारात कपाळाला हात लावून बसली होती.

"तूपण," दादा मला म्हणाला. "तूपण त्यांच्यातली."

मी त्याच्या थोबाडीत मारली. वयाने मोठ्या, आजारी, उपाशी भावाच्या. त्याने हात वर केला नाही, गाल चोळला नाही. नुसता बघत राहिला. मी बाहेर जाऊन गोठ्यात बसले आणि पोटातून रडले. आबा आले, माझ्याजवळ टेकले. म्हणाले, "जीप बोलावू का परत?"

"नको. उद्यापर्यंत थांबा."

"उद्या काय हुनार हाय, पोरी?"

मी उठून आत गेले आणि दादासमोर ते लाल रीळ चुलीत टाकलं. मग आईची कपड्यांची नीळ घेतली, वाटीत कालवली आणि तारांची टोकं त्यात बुडवून निळी करायला लागले. दोन तास मी एकटी रूळ सरळ करत होते, खरवडत होते, डाग देत होते. एकही डाग धड बसत नव्हता. अखेर दादा सरकत जवळ आला आणि त्याने माझ्या हातातून सळई घेतली. "घाई करतेस," म्हणाला.

पुढचे चार दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. आता तो गंमत करत नव्हता. मधेच डाग देता देता त्याला भोवळ यायची, मग भिंतीला टेकून बसायचा. मी त्याच्या चहात चोरून दूध-साखर वाढवायची. आठव्या दिवशी शेवटची तार बसली. मी मीटर लावला. डब्यापाशी बारा, कणगीसमोर साडेअकरा.

चाचणी दुपारी केली. गाडी सोडली. ती कणगीसमोरून न थांबता गेली. आई तोंडाला पदर लावून उभी होती. दुसरी फेरी, तिसरी. चौथ्या फेरीला खोलीतला बल्ब मंदावला आणि गाडी लंगडायला लागली. मोटारी चालू व्हायची वेळ झाली होती. आसपासच्या सगळ्या मळ्यांत विहिरींत झरलेलं पाणी उपसायला त्याच दोन तासांत मोटारी चालायच्या, आणि विजेचा दाब उतरायचा. हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे पुन्हा तसेच व्हायला लागले होते.

आबा दारातून सगळं बघत होते. त्यांनी मला विचारलं, "मोटरीमुळं हाय का ह्ये?" मी मान डोलावली. ते तसेच बाहेर पडले. आधी त्यांनी आमची मोटार बंद केली. बांधावरच्या, जनावरांसाठी लावलेल्या घासाला त्या दिवशी पाणी मिळालं नाही. मग ते उन्हातून शेजारच्या दोन मळ्यांवर गेले. तिथे काय बोलले ते मला पुढे शेजारच्या काकूंनी सांगितलं. "घटकाभर मोटर थांबवा, माझं पोरगं जगतंय का बघायचं हाय," एवढंच म्हणाले होते. कुणी कारण विचारलं नाही.

बल्ब उजळला. दादाने गाडी पहिल्यापासून सोडली. तो मोठ्याने मोजत होता. दहापर्यंत त्याचा आवाज ताठ होता. पंधरानंतर बारीक झाला. वीस म्हटल्यावर त्याने डब्याचं बटण स्वतः फिरवलं आणि गाडी दारापाशी उभी केली.

आई रडत होती. मी दादाच्या तोंडाकडे बघत होते, मला वाटलं तो हसेल.

"म्हणजे कुणीच ओढत नव्हतं," तो म्हणाला.

"कुणीच नाही, दादा."

"मग बिघाड माझ्यात आहे."

इतके दिवस मी गाडी चालवायच्या मागे होते. ती चालली की त्याच्या हातात काय उरेल, याचा विचार मी एकदाही केला नव्हता. तो उठला, आबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "चला."

जीप दुसऱ्या दिवशी सकाळी आली. दावं कुणी आणलं नाही. मी आणि दादा मागे बसलो, आबा पुढे. नगर मागे पडल्यावर दादाने मला हळूच विचारलं, "तायडे, तिथे करंट देतात का गं?"

मी कॉलेजात ऐकलं होतं. नक्की माहीत नव्हतं, पण ऐकलं होतं. जीप चालू होती, तो आपल्या पायांनी चढून बसला होता.

"नाही रे," मी म्हणाले. "नुसत्या गोळ्या देतात."

त्याने मान डोलावली आणि पुण्यापर्यंत काही विचारलं नाही.

तिथे त्याला शॉक दिले. डॉक्टरांनी आबांना समजावून सांगितलं होतं, आबांनी अंगठा उठवावा तशी सही केली होती. महिन्याभराने आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो बाकावर बसला होता. अंगावर थोडं मांस आलं होतं. आईने आणलेली भाकरी त्याने खाल्ली. मला बघून हसला, पण माझ्याशी काय बोलायचं ते त्याला आठवेना.

परत आला तो पोळ्याच्या सुमारास. त्या साली पाऊस झाला होता, घास गुडघाभर वाढला होता. मागच्या खोलीतलं सगळं मी आधीच काढून पोत्यात भरलं होतं. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा काळ त्याच्या डोक्यातून पुसून गेला होता. कॉलेज सुटलं ते सुटलंच. पुढे आणखी दोनदा त्याला पुण्याला न्यावं लागलं. मधल्या चांगल्या वर्षांत तो गावच्या डेअरीवर दूध मोजायचा. लग्न झालं नाही. मी नेवाशाला शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि सुट्टीत मळ्यावर यायची.

आई-आबा गेल्यानंतरच्या एका सुट्टीत आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मी त्याला सगळं सांगितलं. गाडी, तारा, विहीर, मी मारलेली थप्पड. आणि जीपमध्ये काय म्हणाले तेही सांगितलं. चौदा वर्षं मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

दादाने शांतपणे ऐकून घेतलं, जसं कुणी दुसऱ्याच्या घरचं ऐकतं.

"मला यातलं काहीच आठवत नाही," तो म्हणाला. "तू म्हणतेस म्हणजे झालं असेल."

मला क्षमा करायला त्याच्यापाशी ती गोष्टच उरली नव्हती. ती एकट्या माझ्याकडे राहिली. तेवढ्यात दुधाची वेळ झाली, त्याने मापं उचलली आणि तो डेअरीकडे निघून गेला.